पुढच्या सीटची चावी

१२ नोव्हेंबर, बुध

काल तेरवी झाली. पाहुणे जेवून गेले, भांडे राह्यले.

ही डायरी बुढ्याची, माझ्या नवऱ्याची. रोज एक ओळ लिहे. थंडी किती, दुकान कधी उघडलं. शेवटची ओळ २९ ऑक्टोबरची. 'उद्या डोळे दाखवायला आदिलाबाद. सुनील सुट्टी घेतो म्हणतो.' सुनील आमचा पोरगा. पुढं कोरे पानं. ते पाहावत नाही म्हणून मी लिहून राह्यली. चौथीपर्यंतची शाळा माझी. चुकलं तर चुकलं, चुका काढणारा गेला.

डोळे चांगले निघाले त्याचे. येताना अंधार पडता पडता, तलमडुगुच्या अलीकडं कापसाची ट्रॉली रस्त्यात उभी. मागं दिवा नाही. सुनीलच्या पुढचा फुगा, एअरबॅग म्हणतात तो, उघडला, त्याचा हात मोडला, बस. बुढ्यापुढचा उघडला नाही.

१४ नोव्हें., शुक्र

सुनील परवापर्यंत म्हणत होता, गाडीच्या कंपनीला सोडत नाही, फुगा खराब दिला. आज गॅरेजवर गेला. परत आला तं तोंड काळं. फुगा चांगला होता. बाजूच्या फुग्याची चावी बंदवर होती.

वर्षा कणीक मळत होती. सून माझी. तिला म्हणे, "खुर्ची तू आणली. चावीचं खूळ तू काढलं. बंद करता येते तं चालू कोण करीन, तुझा बाप?"

ती माझ्याकडं पाह्यली. मग कणकीकडं पाह्यली.

मी पोळ्या लाटल्या. तिघांनीही कमी खाल्ल्या.

१५, शनि

नीट लिहून ठेवते, डोक्यात गुंता होऊन राह्यला.

चिऊ, माझी नात, सव्वा वर्षाची. वर्षा सरकारी दवाखान्यात नर्स, मला सासूला आत्या म्हणते. तिनं लेकराची खुर्ची आणली, गाडीत पट्ट्यानं बांधायची. म्हणे मागच्या सीटवर, तोंडही मागं. पोरगी मागं एकटी रडे. मीच म्हणलं, पुढं ठेव बापाजवळ. लेकरू आहे का सामान, मागं टाकायला? चार दिवस ऐकली नाही. मी बोलून बोलून ऐकायला लावलं.

मग म्हणे, "आत्या, पुढं ठेवायची तं फुगा बंदच पाहिजे. फुगा खुर्चीवर आदळला तं लेकरू वाचत नाही. आणि मोठं माणूस बसलं की चालू पाहिजे." दाराच्या बाजूला बारकं छिद्र आहे, चावी घालून फिरवायचं. माझा हात धरून शिकवलं. सुनील इसराळू, म्हणून काम माझ्याकडं. इंग्रजी वाचता येत नाही मला. बंद केली की पदराला गाठ मारायची, चालू केली की सोडायची. वर्षा हसे. "आत्याचा पदर म्हणजे मोबाईल."

त्या दिवशी सकाळी चिऊला टोचायला नेलं. बंद केली, गाठ मारली. दुपारी खुर्ची मीच काढली, बुढ्याला बसायचं होतं. वर्षा ड्यूटीवर निघाली, फाटकातून म्हणे, "आत्या, चावी." मी म्हणलं, "जाय तू. मला नको शिकवू."

संध्याकाळी पदराला गाठ नव्हती. म्हणजे मी फिरवली. असंच असलं पाहिजे.

मग बंदवर कशी?

१७, सोम

वर्षा चिऊला घेऊन माहेरी गेली, बेल्लमपल्लीला. बाप खाणीत होता तिचा, तिकडंच घर. बसनं गेली, लेकरू मांडीवर. खुर्ची इथंच, पायरीखाली.

सुनीलनं अडवलं नाही. मीही नाही. फाटकाशी थांबली ती, वाटलं काही म्हणीन. म्हणे, "आत्या, बीपीची गोळी सकाळची आहे, संध्याकाळची नाही."

घरात भांड्याचाही आवाज नाही.

२०, गुरु

कपाट लावलं. रंगीत लुगडे खाली टाकायला सांगतात लोक, विधवेचे. लोकायला दुसरे काम नाही. खाली हात घातला तं निळी साडी निघाली. घडी चौकोनी. माझी घडी लांबट असते, चौकोनी वर्षाची.

उघडली. पदराला गाठ. धुतलेली, वाळलेली, कडक झालेली गाठ.

आठवलं. त्या दुपारी खुर्ची काढता काढता चिऊ ओकली माझ्या अंगावर. मी आत गेली, निळी बादलीत टाकली, हिरवी नेसली. बाहेर आली तं बुढा पुढं बसून हॉर्न वाजवत होता. "डोळे तिथं जाईपर्यंत म्हातारे होतील काय?" मी म्हणलं, जाय बाबा जाय.

हिरवीला गाठ कुठून असणार.

धुताना वर्षाला दिसली असणार ती. सोडली नाही. घडी घालून सगळ्यात खाली ठेवली. म्हणजे सुनील तिच्या बापाचं नाव घेत होता तवा तिला माहीत होतं.

बसली राह्यली. चूल पेटवली नाही.

२१, शुक्र

जेवताना सांगायचं ठरवलं. सुनील म्हणे, "आई, मीठ." दिलं. मग म्हणे, "लोणचं." दिलं. हात धुवून गेला.

आयुष्यभर माझी जीभ कोणी धरू शकलं नाही.

२३, रवि

सांगितलं. साडी पुढं ठेवली. चावी फिरवायची माझ्याकडून राह्यली, वर्षाकडून नाही. तिनं फाटकातून आठवणही दिली होती.

सुनील साडीकडं पाह्यला, माझ्याकडं नाही. म्हणे, "तिचं काऊन अंगावर घेऊन राह्यली? चिऊ परत यावी म्हणून करून राह्यली न हे?"

"गाठ पाहाय."

"गाठ तं तू दुधवाल्याचीही मारते."

चावी बंद असली की गाडीत समोर लाल दिवा जळते. वर्षानं दाखवला होता. म्हणजे आदिलाबाद जाईपर्यंत आणि येईपर्यंत तो दिवा सुनीलच्या नाकासमोर होता. त्यालाही हे ठाऊक आहे. म्हणून त्याला वर्षा पाहिजे, मी नको. माझ्यावर आलं तं पुढं त्याच्यावर येते.

दिव्याचं मी बोलली नाही. ओठावर आलं होतं.

फक्त विचारलं, फुगा उघडला असता तं तुझे बाबा वाचले असते का? म्हणे डॉक्टर सांगू शकत नाही. पट्टा काखेतून घेतला होता त्यायनं, गळ्याला घासते म्हणून. तेही कोणी पाह्यलं नाही.

बाप पोरगा सारखेच. आणि मी.

२५, मंगळ

बेल्लमपल्ली.

सकाळी निघाली. पिशवीत निळी साडी, दुसऱ्या हातात खुर्ची. आदिलाबादला बस बदलली. इकडं बायायला बस फुकट, झिरो टिकीट देतात. कंडक्टर म्हणे, "अम्मा, ये क्या उठा लाये?" म्हणलं, "कुर्सी है. इसको भी झिरो टिकीट दे, ये भी बाई का है." हसला मेला. जागा दिली.

वर्षानं दार उघडलं. आधी खुर्ची घेतली हातातून, मग मला म्हणे, "या." मी उंबऱ्यातच साडी काढली, गाठ दाखवली. म्हणलं, तू पाह्यली होती. म्हणे, "हो."

"मग बोलली काऊन नाही?"

"काय बोलू आत्या? तुमचं कुंकू पुसून राह्यले होते लोक."

मला वाटलं रडीन मी. नाही आलं. म्हणलं, सुनीलला फोन लाव, तुझ्यासमोर सांगते, दिव्याचंही सांगते. ती म्हणे दिव्याचं नका सांगू. म्हणलं तुझ्या मनानं चाललं असतं तं लेकरू मागच्या सीटवर असतं आणि चावी फिरवायचं कामच पडलं नसतं. ती फोन घेऊन आली.

चार वेळा लावला. उचलला नाही. एकदा कापला, म्हणजे पाहून राह्यला होता.

चिऊनं खुर्ची ओळखली. ओढत मधल्या खोलीत नेली, चढून बसली. तिथंच झोपली. वर्षानं वाकून तिचा पट्टा लावला. गाडी नाही, काही नाही, फरशीवर खुर्ची, आणि पट्टा लावला.

मी खुर्ची फिरवून ठेवली, तोंड मागं. वर्षा पाहत होती.

सकाळी पुन्हा लावू फोन.