पांढऱ्या गाडीची दुसरी तपासणी

प्रिय जर्विन,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, त्यातलं एक तर नुसतं 'प्रिय' लिहूनच. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मी पहिल्याच वाक्यात भांडण काढीन हे तुलाही माहीत आहे. म्हणून लिहितेय. मुकाट्यानं पूर्ण वाच. अर्ध्यावर सोडलंस तर तुला आईची शपथ आहे.

धूर-तपासणी स्टेशनच्या काउंटरवर बसून लिहितेय. तुला वाटेल, वा, ताईला बढती मिळाली. तसलं काही नाही. सरकारी खात्यानं माझा तपासणी मशीनचा पासवर्ड बंद केलाय, त्यामुळे मला गाडीला हात लावायची परवानगी नाही. मालक बाल्ताझार काका म्हणाले, "वेंग, घरी बसून वेडी होशील. त्यापेक्षा इथे ये आणि पावत्या फाड." वेडी मी इथेही होतेच आहे. बारा वर्षं लोकांच्या गाड्यांचा धूर तपासला, आता गाडी आत शिरली की पाय आपोआप उठतात, मग आठवतं आणि परत बसते. आज सकाळपासून एकोणीस वेळा उठले. माझ्या जागी घेतलेला माणूस गाडीखाली असा वाकतो की जणू हरवलेली चप्पल शोधतोय. सांगायला जीभ वळवळते, पण गप्प बसते.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण चर्चच्या जेवणासाठी शंभर माणसांच्या पान्सित नूडल्स एकटीनं परतते आणि मग तीन दिवस मला ऐकवते की कुणी मदत केली नाही. ती तुझ्याशी बोलते हे मला ठाऊक आहे. लपवते बिचारी. बोलून झालं की स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कोळंबी सोलायला बसते. मी विचारते, "कुणाचा फोन होता?" ती म्हणते, "विम्यावाल्यांचा." चार वर्षं विम्यावाले दर रविवारी आईला विचारतायत की गुडघा कसा आहे.

काल मी गॅरेज आवरायला काढलं. आवरायचं कारण काही नव्हतं, हाताला काम हवं होतं. तर कोपऱ्यात तो खोका सापडला. आठवतो ना? गल्लीत तुम्हा सहा मित्रांच्या सहा सारख्याच गाड्या, सगळ्यांचे धुराच्या नळीचे मूळचे भाग काढून फेकून दिलेले, आणि कंपनीचा अस्सल सेट फक्त एक. दर दोन वर्षांनी ज्याच्या तपासणीचा महिना येईल त्याच्या गाडीला सकाळी तो सेट चढवायचा, पास होऊन यायचं, आणि संध्याकाळी उतरवून परत खोक्यात. फ्रिजवर तुम्ही यादीच लावली होती, कुणाचा महिना कुठला. बाबा म्हणायचे, "सहा जणांत मिळून चारित्र्य एकच, तेही पाळीपाळीनं वापरतात." म्हणायचे, आणि मग स्वतःच पाना घेऊन गाडीखाली शिरायचे.

वेल्डिंग आपल्याला बाबांनीच शिकवलं. मेअर आयलंडच्या गोदीत बावीस वर्षं पाणबुड्या जोडलेला माणूस, त्यांना आपली जोडाची ओळ कधी पसंत पडलीच नाही. माझी आजही जेमतेमच आहे. तुझी मात्र त्यांच्याहून सरस झाली. माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी, आणि तू डावखुरा असल्यामुळे खवले उलट्या दिशेला झुकलेले. बाबांनी एकदा तुझं काम हातात धरून फिरवून फिरवून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढं म्हणजे मोठं पदकच. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता. आता सांगून टाकते.

आणि आता तो शुक्रवार. त्याबद्दल आपण कधी बोललोच नाही, तू बोलायला थांबलाही नाहीस. तू ती पांढरी गाडी घेऊन पाच वाजायला दहा मिनिटं असताना आलास. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लॉस एंजेलिसचं गाड्यांचं प्रदर्शन, तिथला वर्कशॉपवाला तुझी गाडी बघणार आणि पटली तर तुला कामावर घेणार. गाडीच्या कागदांची मुदत त्याच रात्री संपत होती, आणि जुन्या कागदांवर प्रदर्शनात गाडी आत घेत नाहीत. खोका तू आणला नव्हतास. त्याऐवजी तुझी कारागिरी आणली होतीस. कन्व्हर्टरचा डबा कापून धूर साफ करणारी आतली जाळी तू काढून टाकलीस आणि डबा पुन्हा असा जोडलास की बाहेरून कंपनीचाच वाटावा. गाडीचा संगणक बोंबलू नये म्हणून मागच्या सेन्सरखाली एक तुकडाही बसवलास. मी खाली वाकून बॅटरी मारली आणि ती ओळ दिसली. उलटे खवले. बोटाच्या पेरानं टकटक केलं, तर रिकाम्या पातेल्यासारखा आवाज आला.

मी मशीन सुरूच केलं नाही. चारचौघांसमोर म्हणाले, "ही गाडी मी घेणार नाही, परत न्या." न्या, असं म्हणाले. तुला. तू हळूच म्हणालास, "ताई, बघून न बघितल्यासारखं कर ना. एवढंच मागतोय." मी रांगेकडे बघून म्हणाले, "पुढची गाडी." दुसरीकडे कुठे जायला वेळ उरला नव्हता. प्रदर्शन गेलं, ती नोकरी गेली, महिन्याभरात तू गाडी भंगारवाल्याला विकलीस आणि नेवाडात एल्कोला खाणीचे ट्रक दुरुस्त करायला निघून गेलास. जाताना आईला म्हणालास, "ताईला सांग, तिनं बरोबर केलं." ते वाक्य मला अजून टोचतं. शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

मी बरोबरच केलं असं मी सगळ्यांना सांगत राहिले. हायवेला लागून असलेल्या शाळेतली मुलं दप्तरात दम्याचे पंप घेऊन जातात, ते मी रोज बघते, आणि तपासणी फालतू आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण जर्विन, त्या शुक्रवारी मला एकाही मुलाची आठवण झाली नव्हती. मी घाबरले होते, बस. त्याच्या काही महिने आधी पलीकडच्या रस्त्यावरच्या स्टेशनवर खात्याचं खोटं गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. मुद्दाम बिघडवलेली गाडी आणतात, साध्यासुध्या माणसासारखं बोलतात, आणि तपासनिसानं पास केली की तीन आठवड्यांनी फाईल घेऊन हजर. त्या माणसाचं लायसन्स गेलं होतं. मला वाटत होतं, माझ्या रांगेतही कुणीतरी उभं असेल. भाऊ समोर उभा होता आणि मी त्याच्या मागच्या माणसाकडे बघत होते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी मी अजून तत्त्वाची मुलगी आहे.

पुढे ऐक. या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, दुपारी जेवून मी हात पुसत होते आणि एक पांढरी गाडी आत आली. चार वर्षं मी समजत होते की ती कधीच चेपून तिचा पत्रा झाला असेल. नंबर बदलला होता, चाकं साधी होती, पण डाव्या दारावरचा तो पोचा, आईनं कचऱ्याचा डबा आपटून पाडलेला, जसाच्या तसा. चालवणारी बाई पन्नाशीची, मागच्या सीटवर किराणा. मी विचारलं, "गाडी कुठून घेतलीत?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओळखीच्यांकडून." "कुणाकडून?" "आहेत एक जण," असं म्हणून खुर्चीवर जाऊन बसली. मी बॅटरी उचलली. खाली वाकले. उलटे खवले. तोच डबा, तोच रिकाम्या पातेल्याचा आवाज. मागच्या सेन्सरखालचा तुकडासुद्धा तसाच.

मी गाडी लिफ्टवर नेली आणि कितीतरी वेळ खाली नुसती उभी राहिले. बाल्ताझार काकांनी हाक मारली, "काय गं, झोपलीस का?" मी म्हणाले, "झालंच." आणि मशीनवर 'कन्व्हर्टर ठीक' असं नोंदवून गाडी पास केली. बारा वर्षांत पहिल्यांदा. बाईनं कागद घेतला, घडी घातली, आभार मानले आणि निघून गेली. त्या रात्री मी आईला न सांगता तुझ्या आवडीचं चिंचेचं सार केलं, आणि आई म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हणाले, "काही नाही."

तीन आठवड्यांनी फाईल आली. ती बाई खात्याची होती. गाडीही खात्याची, भंगारातून त्यांच्याकडे कशी पोचली देव जाणे. डबा पोकळ आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ती निवडली होती. तपासनिसाला कळतं का, एवढंच बघायचं होतं. फाईलमध्ये तुझ्या वेल्डिंगचा मोठा रंगीत फोटो आहे. मी तो समोर धरला आणि हसायलाच लागले, समोरच्या अधिकाऱ्याला वाटलं मी त्यांची थट्टा करतेय. सुनावणी गुरुवारी सकाळी दहाला, ओकलंडला. लायसन्स कायमचं जाऊ शकतं, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही.

आता वकिलाचं. डबा तू बनवलेला आहे हे मी त्याला सांगून बसले, ती माझीच चूक. तेव्हापासून तो खूश आहे. म्हणतो, तुझ्या भावानं फक्त लिहून द्यायचं की डबा कुठल्याही तपासनिसाला कळू नये असाच बनवला होता आणि बहिणीनं तो त्याआधी कधी पाहिलेला नव्हता. मग सहा महिन्यांच्या बंदीवर भागेल. त्या शुक्रवारी मशीन सुरू केलं नव्हतं, त्यामुळे नोंद कुठेच नाही. मी गाडी परत पाठवली हे लोकांना माहीत आहे, पण तो डबा मी आधी पाहिला होता हे जगात फक्त तुला आणि मला. काल वकील म्हणाला, "कागद तुझ्या भावाकडे पोचला. तो सही करतोय, एक प्रश्नसुद्धा विचारला नाही." चार वर्षांनी तुझी पहिली बातमी मला अशी कळली. एक प्रश्नसुद्धा नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

जर्विन, सही करू नकोस. तुझ्यावर पुढे काय बालंट येईल ते वकील सांगत नाही, पण खरं कारण ते नाही. त्या कागदावर लिहिलंय की तुझं काम मला ओळखता आलं नाही. चार वर्षांपूर्वी तू समोर उभा असताना मी तुला ओळख दाखवली नाही, आता तेच सरकारी शिक्क्यानिशी पुन्हा कशाला लिहायचं? गुरुवारी मी सांगणार आहे की डबा पोकळ होता, मला कळलं होतं, आणि तरी मी गाडी पास केली. कुणी बनवला ते सांगणार नाही. का सोडली असं विचारतील, तेही तिथे सांगणार नाही, त्यांना ते कळायचं नाही. तुला मात्र कळायला हवं, म्हणून चार चार पत्रं लिहिली. ती बाई डोळे चुकवत म्हणाली ना, ओळखीच्यांकडून, आहेत एक जण, तेव्हा मला वाटलं, गाडी तू पाठवलीस. या वेळी ताई काय करते ते बघायला.

तुझीच,
वेंग ताई