पन्नासच्या दोन लेन्स

मामा, माझ्यासमोर टेबलावर दोन लेन्स आहेत आणि त्यातली एकच ठेवायची आहे. तुम्ही असता तर दोन्ही आळीपाळीनं खिडकीच्या उजेडाकडं धरल्या असत्या, मग माझ्याकडं बघितलं असतं आणि चहा मागितला असता. तुमच्या नातीनं पुण्याहून मला एक कॅमेरा आणून दिलाय. आहे डिजिटल, रोल लागत नाही, पण फोकस तुमच्या त्या जुन्या कॅमेऱ्यासारखाच धरायचा. बघायच्या खिडकीत मधोमध तोच फिकट चौकोन, त्यात माणसाच्या त्याच दोन प्रतिमा, आणि लेन्सवरची कडी फिरवत त्या एकमेकींवर बसवायच्या. पहिल्यांदा डोळा लावला आणि माझे हात आपोआप तुम्ही शिकवलेल्या जागी गेले. लेन्स मात्र पोरीनं दुकानातून दोन आणल्या, पंधरा दिवसांच्या बोलीवर. "आई, एक ठेव, एक परत पाठवू," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी निघून गेली. दोन्ही पन्नास मिलिमीटरच्या, दोन्ही मोठ्या तोंडाच्या, भरपूर उजेड आत घेणाऱ्या, घरातल्या अंधुक उजेडात चालणाऱ्या. नवी जड आहे, बघायच्या खिडकीचा खालचा कोपरा अडवते, पण तोंड पूर्ण उघडलं तरी भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा इतकं स्वच्छ दाखवते. दुसरी जुन्या बनावटीची, मुठीत मावेल एवढी. तोंड पूर्ण उघडलं की माणसाच्या चेहऱ्याला सायीसारखी मऊ झाक येते. ती लबाडही आहे. तोंड जरा बारीक केलं की डोळ्यावर धरलेला फोकस मागं कानाकडं सरकतो, मग आपणच बोटभर मागं झुकायचं. आता या वयात हे झुकणं मला शिकावं लागलं, आणि शिकताना सारखी तुमची आठवण येत राहिली.

लग्न होऊन मी अणदूरहून या घरात आले त्याला वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात मी तुमच्याशी, सासऱ्याशी, दहा वाक्यंसुद्धा बोलले नसेन. पुढं रस्त्याला स्टुडिओ, मागं घर. तुम्ही आत आलात की मी डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि तुम्ही खाकरून जिन्याकडं जायचात. स्वैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत तुम्ही कधी येत नव्हता. त्या सकाळी आलात. मी भाकरीचं पीठ मळत होते, आत्याबाई चुलीपाशी होत्या, आणि तुम्ही दारात उभे, गळ्यात तो कॅमेरा.

"पोरी, हात धुऊन ये. एक काम हाय."

आत्याबाईंनी मान वळवली. "तिचं काय काम काढलं?"

तुम्ही सांगितलंत. मशिदीमागच्या गल्लीतल्या एका घरातली म्हातारी हजला निघाली होती. पासपोर्टला फोटो पाहिजे होता आणि परक्या पुरुषासमोर ती तोंडावरचा पडदा काढायला तयार नव्हती. स्टुडिओत येणार नव्हती, आणि फोटो न्हाय तर जाणं न्हाय.

"आन् सुनेला घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणार? गल्ली काय म्हणंल?"

"फोटो काढाया चालली ती, पंगतीला न्हाय," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडं न बघता, भिंतीकडं बघत, "तिला यायचं असंल तरच."

मला कुणी असं विचारलं नव्हतं तोवर. मी हात धुतले.

ती खोली मला अजून स्पष्ट दिसते. एकच खिडकी, हिरवी भिंत, खाटेवर बसलेली ती लहानखुरी म्हातारी, भोवती सहा-सात बायका आणि माझ्या हातात कॅमेरा. तुम्ही पडद्यापलीकडं ओसरीत खुर्ची टाकून बसलात. वाटेत तुम्ही एवढंच शिकवलं होतं की चौकोनात नाकं दोन दिसतात, ती एक झाली की दाबायचं. पण मला ती एक होईनात.

"नाकं किती दिसत्यात?" तुम्ही बाहेरून विचारलंत.

"दोन."

"कडी डावीकडं फिरव. आता?"

"अजून दोनच."

त्या म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "मेरे कू एकच नाक है बेटी," ती म्हणाली, "तेरे मामा कू दो कायकू होना?"

सगळी खोली हसली, ओसरीवर तुम्हीही हसलात. तुमचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते. माझा हात हलका झाला, नाकं एकमेकांवर सरकली आणि मी दाबलं. ती म्हातारी जाऊन आली आणि आमच्या घरी खजूर पाठवले. आत्याबाईंनी ते आधी देवापुढं ठेवले, मग सगळ्यांना वाटले. गल्लीनं काही दिवस बोलायचं ते बोलून घेतलं.

त्यानंतर बायकांचे फोटो माझे झाले. तुम्ही रोल धुवायचात, मी घरोघर जायची. बाळंतिणी, ओळखपत्रांच्या बाया, स्थळाला दाखवायच्या मुली. मला वाटायला लागलं की मला सगळं येतं. आणि तेव्हाच ढोकीच्या अलीकडच्या खेड्यातली ती मुलगी आली. तिच्या गालांवर देवीचे व्रण होते, दोन्हीकडं, हनुवटीपर्यंत. मी तिला खिडकीपासून लांब बसवलं, लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं आणि फोकस मुद्दाम जरा मागं, वेणीवर नेला. फोटोत एकही व्रण दिसेना. प्रिंट बघून तिची आई रडली, मला वाटलं आनंदानं. मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे तुम्हाला तेव्हा कळलं असणार.

महिनाभरानं तिचा बाप स्टुडिओत आला. आवाज चढवला नाही. पाहुण्यांनी मुलीला बघितलं, फोटो पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला, "ही कुठली पोरगी?" असं विचारलं आणि पोहे न खाता उठले, एवढंच त्यानं सांगितलं. तुम्ही हात जोडलेत. "चूक आमची हाय," म्हणालात. तो गेल्यावर तुम्ही मला दाराआडून पुढं बोलावलंत.

"तोंड सबंद उघडं का ठेवलंस?"

"व्रण दिसू नयेत म्हणून. तिचं भलं व्हावं म्हणून."

तुम्ही त्यानं टेबलावर ठेवलेली ती प्रिंट माझ्याकडं सरकवलीत. "पावणे मागून बोलले, पोरी. तुझं तोंड दाखवायजोगं न्हाय, असं तिला पयलं तू सांगितलंस."

मला त्या घरात कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, पण एवढं लागलेलं दुसरं काही आठवत नाही. दोन दिवसांनी तुम्ही मला घेऊन त्या खेड्यात गेलात. तुम्ही फाट्यावरच थांबलात, उसाचे ट्रॅक्टर जात होते त्यांच्या धुळीत, आणि मला एकटीला पुढं धाडलंत. ती मुलगी अंगणात शेंगा फोडत होती. मी माफी मागायची म्हणून पाठ केलेलं सगळं विसरले. फक्त म्हणाले, "परत काढू का?"

"ह्याच्यात दिसतील का?"

"दिसतील."

तिनं शेंगा बाजूला सारल्या. "मग काढा." आणि तिनं दारातल्या उजेडात सरळ माझ्याकडं बघितलं. इतकं सरळ माझ्याकडं तोवर कुणी बघितलं नव्हतं. तो फोटो बघून कुणी होकार दिला असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. पुढं ओळखीतल्याच एका घरात तिचं लग्न झालं, फोटोचा प्रश्नच आला नाही. ती तुम्हाला मात्र विसरली नाही. तुम्ही गेल्यावर भेटायला आली होती, लेकराला कडेवर घेऊन.

एवढं सगळं झाल्यावर आता निवड अवघड जाऊ नये, असं तुम्ही म्हणाल. जाते, मामा. गेले आठ दिवस मी दोन्ही घेऊन हिंडले. येडशीच्या स्टेशनात बाकावर बसलेल्या एका बाईचा फोटो त्या जुन्या बनावटीच्या लेन्सनं काढला तर असा आला की मी घरी येऊन दहादा बघितला. मागचा फलाट विरघळून गेला होता आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तसंच राहिलं होतं, थकवा तेवढा कमी झालेला. नव्या लेन्सनं काढलेला फोटो खरा होता, पण मी तो एकदाच बघितला. वयानं मला मऊ गोष्टी आवडायला लागल्यात, आणि त्यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. कधी कधी वाटतं, त्या मुलीच्या बाबतीत चुकलं ते माझ्या मनात, लेन्समध्ये काही नव्हतं.

इथवर लिहून ठेवलं होतं, त्याला चार दिवस झाले. मधे आत्याबाईंचा फोटो काढला. तुम्ही गेलात त्यालाही आता किती वर्षं झाली, त्या अजून स्वतःच्या हातानं कपाळाला भस्म लावतात. दारात खुर्चीवर बसवून एक या लेन्सनं, एक त्या लेन्सनं काढला आणि दोन्ही मोठे करून त्यांना दाखवले. जुन्या बनावटीच्या लेन्सचा आधी.

"ही कोण?"

"तुम्हीच की, आत्याबाई."

"असंल." त्यांना तो आवडला नाही असं नाही, पण नजर थांबली नाही. मग दुसरा दाखवला. सगळ्या सुरकुत्या, ओठावरची भेग, सगळं. त्या पुढं वाकल्या आणि कपाळावर, भस्माच्या रेघांखाली, बोट ठेवलं. तिथं हिरवट गोंदणाचा ठिपका आहे. चाळीस वर्षं मी त्यांच्यासमोर जेवते आहे, मला तो कधी नीट दिसला नव्हता. पहिल्या फोटोत तो भस्मात मिसळून गेला होता.

"माझ्या आईनं गोंदवून घेतलं हे. लई रडले होते मी. तिनं हात धरून ठेवले होते." मग म्हणाल्या, "हाय की अजून. मला वाटलं गेलं."

त्याच दुपारी मी पोरीला फोन करून सांगितलं की जड लेन्स ठेवते आहे. दुसरी डबीत घातली, कापूस लावला, पार्सल बांधलं आणि आज सकाळी ते गेलंसुद्धा.

पण पार्सल बांधण्याआधी मी एक केलं. खोलीचं दार लावून घेतलं, ती जुन्या बनावटीची लेन्स पुन्हा चढवली, तोंड पूर्ण उघडलं आणि आरशासमोर उभी राहून माझा स्वतःचा एक फोटो काढला. त्यात मी बरी दिसते, मामा. आत्याबाईंना दाखवला नाही, पोरीलाही नाही. तुमच्याशिवाय कुणाला सांगणारही नाही. पुसून टाकायला तीनदा बसले, पण अजून ठेवलाय.