नानांचं 'शे'

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज नीचपणा केला. या सरकारी रिसॉर्टचा मॅनेजर मी, पण अभिप्राय वहीत पुन्हा कौतुक सनसेट पॉइंटवरच्या वॉचमन नानांचं. 'नानांची अहिराणी ऐकायला परत येऊ!' माझं नाव कुठेच नाही.

नानांना वाचता येत नाही. हौसेनं विचारलं, "साहेब, काय लिखेल शे?"

मी म्हणालो, "तुमचं बोलणं गावंढळ आहे, असं लिहिलंय."

का म्हणालो? जळलो, दुसरं काय! त्यांचं ते 'आहे'ऐवजी येणारं 'शे' दिवसभर कानात राहिलं.

संध्याकाळी पॉइंटवर गेलो. नाना पाहुण्यांना अडखळत सांगत होते, "तो सातपुडा... आहे." मग माझ्याकडे पाहिलं, बरोबर बोललो का म्हणून.

मी मान डोलावली.