यादीतलं नाव

श्री सिद्धेश्वर प्रसन्न
सोलापूर, २० जानेवारी १९४६

ती. अण्णांस महादेवीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. सिद्धम्मावहिनीचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, अडुळशाचा काढा नुसता करून ठेवू नकोस, पी.

एक गंमत सांगते. येत्या निवडणुकीत मला मत आहे! मागं एक कारकून दारात आला होता. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला मत मिळतं म्हणाला आणि माझ्याकडून कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या. परवा यादी लागली, तर गल्लीतल्या बायकांत माझं एकटीचंच नाव. सासूबाई म्हणाल्या, आता सूनबाई लाटसाहेब झाली, भाकऱ्या कोण थापणार!

पण मी काही जायची नाही. मागच्या निवडणुकीत एक गृहस्थ हात जोडून आले, गल्लीला दोन नळ देतो म्हणाले. निवडून आले आणि पुन्हा फिरकले नाहीत. नऊ वर्षं झाली, आम्ही अजून एकाच नळावर घागरींची रांग लावतो. यंदाही तेच उभे आहेत आणि तेच येणार, असं पेठेतलं पोर न् पोर सांगतं. हे म्हणतात, त्या दिवशी कापडाचं दुकान उघडायचं की नाही, एवढाच आपला प्रश्न. मग उन्हात उभं राहून मी काय मिळवू?

तुम्ही हसाल म्हणून लिहिलं. आहे तेवढी माया राहू द्या, कमी करू नका.

तुमची
महादेवी

श्री
तामलवाडी, २९ जानेवारी १९४६

चि. सौ. महादेवीस शरणबसप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी वहिनी काढा पिते, असं तोंडानं तरी सांगते. हे पत्र टपालात टाकत नाही, सोलापूरला निघालेल्या आमच्या गावच्या बिभीषणच्या गाडीतून पाठवतोय. का, ते पुढं वाचशील.

मला हसू आलं नाही, बाई. गावात मराठीचा वर्ग काढा, असा अर्ज आम्ही दहा जणांनी दिला होता. असे तीन अर्ज झाले, एकाचंही उत्तर नाही. चौथ्याला पोलिसांच्या अमीनसाहेबांनी मला तालुक्याला बोलावलं, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि निघताना सांगितलं, की गावात चार माणसं जमवायची तर इजाजत लागते, पुढच्या खेपेला बसायला बाक मिळणार नाही. हे अमीन कुणी नेमले, त्यांना कुणी काढायचं, आम्हाला काही ठाऊक नाही. निजामाचं राज्य आहे, झालं.

तुला मी अक्षरं शिकवली तेव्हा आप्पा माझ्यावर आठ दिवस रुसले होते. त्याच अक्षरांवर तुला मत मिळतंय, आणि तू ऊन लागतं म्हणतेस! तुमचा माणूस खोटा निघाला, कबूल. पण तो तुमच्या दारात हात जोडून आला तरी. माझ्या दारात शिपाई येतो.

मतं पडतील त्या दिवशी मी येतोय. मला आत सोडणार नाहीत. लांबून बघेन. माणसं कशी जातात, कशी बाहेर येतात, एवढंच बघायचंय.

रागानं लिहिलंय, पण तू मायेनं वाच.

अण्णा

श्री सिद्धेश्वर प्रसन्न
सोलापूर, २० मार्च १९४६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी गाडी सुटेल म्हणून तुम्ही घाईनं गेलात, आणि आत काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं.

खरं सांगते, दुपारपर्यंत माझं मन नव्हतं. करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाल्यांनी सोडून पाहिलेली ती हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंढी तुम्ही ओट्यावर ठेवलीत आणि तडक, मतं पडत होती त्या शाळेसमोरच्या लिंबाखाली जाऊन बसलात. हे तुम्हाला जेवायला बोलवायला आले, तर म्हणे तुम्ही उठला नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे नुसते बघत होता. हे परत आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, चल, तुझा भाऊ उपाशी बसलाय. मग मी लुगडं बदललं.

आत कारकुनानं माझं नाव केवढ्यानं वाचलं! लग्नातसुद्धा इतक्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. कान तापले. पण मत त्या नळवाल्यांना दिलं नाही. दुसरे एक मास्तर होते, त्यांना दिलं.

मास्तर पडले, हे तुम्हाला कळलंच असेल. हे म्हणाले, मत वाया गेलं. मला तसं वाटेना. निवडून आलेल्यांना मी नळाबद्दल पत्र लिहिलं, खाली गल्लीतल्या एकवीस बायकांचे अंगठे घेतले. उत्तर नाही. मी दर महिन्याला एक धाडणार आहे.

वहिनीला नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण येत राहा.

महादेवी

श्री
तामलवाडी, १८ डिसेंबर १९४९

चि. सौ. महादेवीस अनेक आशीर्वाद.

रझाकारांच्या धामधुमीत तुझी वहिनी सहा महिने तुझ्याकडं राहिली, ते उपकार लिहून फिटायचे नाहीत. आज वेगळंच सांगायचंय.

आमच्याकडंही मतदारांची यादी चाललीय! कारकुनासोबत मी दारोदार हिंडलो. वाटलं होतं, लोक पायघड्या घालतील. कुठलं काय! निम्म्यांना वाटतं, सरकारी लेवीचं सक्तीचं धान्य न्यायला घरं मोजतायत. गावातला ज्ञानोबा तर म्हणाला, निजाम गेला, आता कोण बी येवो, नांगर आमालाच धरायचाय. मी घसा कोरडा करून समजावलं. तुझी आठवण आली.

शेवटी आमच्या दारात आलो. तुझ्या वहिनीला नाव विचारलं, तर दाराआडून म्हणाली, यांची बायको एवढं लिवा. कारकून म्हणाला, तसं चालत नाही, बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं दार लावून घेतलं.

कारकून गेल्यावर मी बोललो, फार बोललो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बावीस वर्षं या घरात हाय. काय पेरायचं, काय विकायचं, पोरगी कुठं द्यायची, कशात मला इचारलंत? आज सरकार इचारायला आलं, तर माझ्या वाटचं बी तुमीच बोलाया निघाला.

महादेवी, एकदा तरी विचारलं असेल म्हणून आठवत बसलो. आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रानात असताना ती चावडीवर गेली. सोबत शेजारची कडूबाई आणि आणखी चार बाया. चार पुरुषांदेखत पदर सावरून तिनं आपलं नाव सांगितलं, आणि बाकीच्यांनाही सांगायला लावलं. मला कारकुनाकडून कळलं. घरी आलो तर काही झालंच नाही अशी भाकरी थापत होती.

जेवताना मी विचारलं, पेवातली ज्वारी आता काढावी का ठेवावी? तिनं माझ्याकडं बघितलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग हात धुऊन पेवाशी जाऊन आली आणि म्हणाली, ठेवा.

ठेवली.

आम्हा दोघांचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. तुझी वहिनी म्हणते, संक्रांतीला तुम्ही सगळे इकडं या, आणि हे तिनं ठरवलंय.

तुझा
अण्णा