साठाला हातचा

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आईच्या गुडघ्याला उतार पडला का, ते आधी कळव. मी मैदानावरचं काम सोडलं. लगेच आईला हाक मारू नकोस, पुढं वाच.

तुला ठाऊकच आहे, आमच्याकडे मुलांनी सकाळी पळायचं आणि मग पायऱ्यांखालच्या खोलीत बसून शिकायचं. पळवतो मी, शिकवतात गणिताच्या बाई. मुलं गोदामामागच्या वस्तीतली, घरी वही उघडायला ना जागा ना सवड. बाई फळ्यावर सातचा आकडा इतका सुबक काढतात की पुसवत नाही. ते असो.

आमची भिंगरी निवासी क्रीडाशाळेत जावी, हा माझा हट्ट. तेरा वर्षांची पोर, आठशे मीटर पळायला लागली की मागच्यांना तिचे तळवेच दिसतात. तिथं राहणं, जेवण, सराव, शिक्षण सगळं होतं. पण पळण्याबरोबर गणिताचाही पेपर असतो, आणि आमच्या सराव चाचणीत निम्मे गुण नसतील त्याचं नावच पुढं जात नाही. भिंगरीला चाळीसात अकरा. नावं पंधराला जायची. यंदा हुकलं की वयात बसणार नाही, आणि मग पुढच्या महिन्यापासून ती आईबरोबर खोकी बांधायच्या कारखान्यात.

मी बाईंना म्हटलं, नाव पाठवा, बाकी मी बघतो. त्या म्हणाल्या, तिथं नापास होऊन रडत येण्यापेक्षा इथंच कळलेलं बरं. वर म्हणाल्या, शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांना हे समजणार नाही. ताई, माझं डोकंच फिरलं. शिट्टी टेबलावर आपटली आणि निघालो. तिची उत्तरपत्रिका मागून आणली होती, ती सोबत धाडतोय. तूच सांग, पोर मठ्ठ आहे का?

बाईंना मात्र वाईटसाईट बोलू नकोस. का ते विचारू नकोस.

दाजींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझा,
भाऊ (सध्या बेकार)


दि. ८ फेब्रुवारी

चि. भडकूस,

अ. उ. आ. गुडघा बरा आहे. कॉलेज सोडलंस तेव्हा आईनं आठवडाभर अबोला धरला होता. या खेपेला तिनं एवढंच विचारलं की बाई दिसायला कशा आहेत. घरात सगळे आंधळे आहेत असं समजू नकोस.

उत्तरपत्रिका जेवणाच्या सुट्टीत कापड कापायच्या टेबलावर पसरून पाहिली. शिवणखात्यात माझा दिवस मीटर आणि सेंटिमीटरमध्येच जातो, म्हणून तिसऱ्याच गणिताला अडखळले. तीन मीटर सत्तर सेंटिमीटर आणि दोन मीटर पन्नास सेंटिमीटर, यांची बेरीज पोरीनं केलीय बरोब्बर सात मीटर. हवी सहा मीटर वीस. पुढची मापांची गणितं पाहिली, सगळीकडे हीच तऱ्हा. पोर शंभराला हातचा घेतच नाही, साठाला घेते. वजाबाकीत उसने घेते तेही साठच. बाकी मांडणी चोख. मठ्ठ मुलं इतकी शिस्तीत चुकत नाहीत, बाळा. तिला साठावर मोजायची सवय कुणी लावली? मला तर इथून गळ्यात घड्याळ अडकवलेला एकच शहाणा दिसतोय.

उत्तरपत्रिका सोबत परत धाडतेय. तेव्हा पत्र मिळताच ऊठ, दाढी कर आणि ती घेऊन बाईंकडे जा. तिथं गेल्यावर आधी चूक कबूल कर, भांडण मग. दाजी म्हणतात, भांडण राहू दे, नुसती दाढी कर.

जिवाला जप, पोरीला सांभाळ.

तुझी,
ताई


दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तो शहाणा मीच.

पळताना दम टिकावा म्हणून मी मुलांना तोंडानं फेऱ्यांच्या वेळा मिळवायला लावायचो. एक मिनिट पन्नास सेकंद आणि एक मिनिट चाळीस, किती? तीन मिनिटं तीस. वर्षभर, रोज सकाळी. इतर मुलं दमली की गप्प बसायची. भिंगरी एकटी शेवटपर्यंत उत्तरं द्यायची आणि मी तिला शाबासकी द्यायचो.

पत्र अकराला मिळालं, तसाच गेलो. वाटेत जुळवलेली वाक्यं बाईंना बघताच विसरलो आणि तुझं पत्रच त्यांच्या हातात दिलं. आईची चौकशी पहिल्याच परिच्छेदात आहे, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. बाईंचे कान लाल झाले. मग त्यांनी उत्तरपत्रिका पुन्हा तपासली आणि म्हणाल्या, मी नुसत्या फुल्या मारत गेले, चूक कुठं होते ते पाहिलंच नाही. अर्धवटाचा शब्दही त्यांनी मागं घेतला. मी म्हटलं, राहू दे, खरा आहे.

भिंगरीला लांब उडीच्या खड्ड्याशी नेलं, हातात मोजपट्टी दिली आणि प्रत्येक उडी तिलाच मोजायला लावली. शंभर सेंटिमीटर झाले की मीटर, हे तिनं स्वतः पाहिलं. मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली की सर, हे आधी सांगायचं ना. काल फेरचाचणी झाली. चाळीसात एकोणतीस. नाव गेलं. परीक्षा बावीसला. मला अन्न गोड लागत नाहीये, पण कामावर आहे.

आईला सांग, दिसायला चांगल्या आहेत.

तुझा,
भाऊ


दि. २८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. भिंगरी घेतली गेली. पळण्यात दुसरी, गणितात काठावर नाही, चांगली मधोमध पास. यादी वाचून जीव भांड्यात पडला आणि मी पायरीवर बसलो तो अर्धा तास उठलोच नाही. बाईही येऊन बसल्या. यावर तू काय लिहिणार ते ठाऊक आहे.

निरोप ऐकून भिंगरीची आई कारखान्यातून थेट मैदानावर आली, खोक्यांचा डिंक हाताला तसाच. बाईंना तिनं दोनदा विचारलं की परत तर धाडणार नाहीत ना. बाईंनी दोनदा नाही म्हटलं. भिंगरी तेव्हा फेऱ्या मारत होती. या माऊलीनं लेकीला पळताना कधी पाहिलंच नव्हतं, सकाळी तिची पाळी असते. कठड्याला धरून तिनं चार फेऱ्या पाहिल्या. मग डोळे पुसत मला म्हणाली, घरी दहा हाका मारल्या तरी जागची हलत नाही.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो ओरडून दाखवत जा.

तुझा,
भाऊ