सम्राट प्रत्येक प्रसंगात

व्हिएन्ना, ४ जुलै १९५५
सिनेमात सम्राटाचं काम मिळालं. दिग्दर्शकाच्या साहाय्यक त्सिर्निगबाईंचा फोन. माझा फोटो पाहून निवड झाली. म्हणाल्या, सम्राट जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहेत, संवाद मात्र नाहीत. ज्याला चेहरा आहे त्याला संवाद कशाला?
संकल्प : गालमिशा स्वतःच्या वाढवणार. डिंकाने चिकटवलेल्या नकोत.

६ जुलै
हर्मिने म्हणते, आधी होरात्शेकच्या फिरत्या नाटक कंपनीच्या हिवाळी करारावर सही कर, मग खुशाल राज्य कर. बायकोला कलेतलं कळत नाही. त्या कंपनीत सात वर्षं मी तुरुंगाधिकारी, सरपंच आणि एकदा दोघांनी मिळून आत शिरायच्या अस्वलाची मागची बाजू केली. करार सही न करता परत पाठवला. सोबत एक ओळ : राज्यकारभारामुळे सवड नाही.

१९ जुलै
गालमिशा झकास. डावीकडे जरा विरळ. कॅफेतला वेटर वोन्द्राक मला प्रोफेसर म्हणायचा. आज विचारलं, महाराज कॉफी दुधाची घेणार की काळी. शेजारचं टेबल हसलं. प्रजेचं प्रेम.

३ ऑगस्ट
तीन दिवस स्टुडिओत. पांढरा लष्करी कोट, पदकं. खुर्चीत बसवतात आणि समोर एक चित्रकार मला रंगवत असतो. पोशाखाची तयारी असावी. फार बारकाईने काम करतात हे लोक. मी पापणीही हलवली नाही. चित्रकार म्हणाला, चित्रासाठी मांडलेली सफरचंदंसुद्धा याहून जास्त हलतात.

४ ऑगस्ट
चित्रीकरणाला कधी येऊ, विचारलं. त्सिर्निगबाई म्हणाल्या, आता तुम्हाला त्रास देणार नाही. मोठ्या नटांना शेवटीच बोलावतात.

२८ ऑगस्ट
बोलावणं नाही. ट्राममध्ये एक म्हातारी मला पाहून उठली. जागा घेतली.

१६ डिसेंबर, रात्री
सिनेमा लागला. तिकिटं आम्हीच काढली. पडद्यावर मंत्र्याचं दालन. मागे भिंतीवर, सोनेरी चौकटीत, मी. नायिका रडते, मी आहे. कॅप्टन तिचं चुंबन घेतो, मी आहे. शेवटी मंत्री टोपी माझ्या चौकटीच्या कोपऱ्याला अडकवतो. डावा गाल टोपीआड गेला. लोक खूप हसले. हर्मिने म्हणाली, लग्नापासून तुला इतका वेळ गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

१७ डिसेंबर
त्सिर्निगबाईंना फोन. पुढच्या दोन सिनेमांतही सम्राट आहेत. कधी येऊ, विचारलं. म्हणाल्या, नको, चित्र गोदामात आहे, अगदी सुस्थितीत.
मग होरात्शेकला फोन. तुरुंगाधिकारी दुसऱ्या नटाकडे गेला. सरपंचही गेला. नाताळच्या बालनाट्यात अस्वल आहे, मागची बाजू.
गालमिशा काढाव्या लागतील का, विचारलं.
म्हणाला, ठेव की. आत कोण बघतंय.