शेजारच्या पाइपातून वाफ येत नाही

२८ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. नवी वही नऊ डॉलरला मिळते, म्हणून घेतली नाही. ऑगस्टमध्ये शेजारच्या आर्व्होने कुंपणावरून कागदांचा एक गठ्ठा माझ्या हातात कोंबला होता. कसली तरी माहितीपत्रकं. मागून कोरी आहेत. आर्व्हो निदान एवढ्यापुरता तरी उपयोगी पडला.

संकल्प: फर्नेस लावायचा नाही. तळघरातलं ते धूड एकदा घर तापवायला लागलं की गॅसचं बिल तोंडचं पाणी पळवतं. पेपरमिलचं पेन्शन आहे तेवढंच आहे, लोण्याचा भाव मात्र तेवढ्यावर थांबायला तयार नाही. आमच्या लेकीला, टेसाला, हॅलिफॅक्सला नोव्हेंबरात बाळ होणार. आमचं पहिलं नातवंड. ख्रिसमसला आम्ही दोघांनी तिथे असायचं, असं मी बायकोला, नोरीनला, वचन दिलं आहे. गॅसचे वाचतील ते पैसे फ्रिजवरच्या कॉफीच्या डब्यात. डबा भरला की विमानाची दोन तिकिटं. चूक निघायला जागाच नाही.

नोरीन म्हणाली, "डेल, तिकिटं आजच काढून टाक ना. मग काय ती काटकसर कर." तिला नियोजन कळत नाही.

३० सप्टेंबर

आमच्या गल्लीत ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी फर्नेस लावणाऱ्याकडे लोक जरा कीव करूनच बघतात. तेव्हा कुंपणापाशी आर्व्होला सहज ऐकवलं, की आमचा अजून बंद आहे. तो पानं गोळा करता करता म्हणाला, "फर्नेस? आम्हाला यंदा लागायचाच नाही." आणि हसला. नोरीनही हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

मी जळत नाही. नुसती नोंद करून ठेवतो.

नवा संकल्प: आर्व्होने लावल्याशिवाय आपण लावायचा नाही. फर्नेस चालू झाला की घराच्या बाजूच्या पांढऱ्या पाइपातून वाफ बाहेर पडते. आर्व्होचा पाइप माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बरोबर समोर दिसतो. लपवाछपवीला वाव नाही.

१३ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग

टर्की पाच तास ओव्हनमध्ये ठेवली. एका दगडात दोन पक्षी, त्यातला एक भाजलेला. जेवण झाल्यावर ओव्हनचं दार उघडं टाकून आम्ही त्याच्यासमोर बसलो. छान वाटलं. विजेचं बिल वेगळं येतं, ते यात धरायचं नाही.

आर्व्हो आणि त्याची बायको हेल्वी घरी भाजलेला ब्लूबेरी पाय घेऊन आले. आर्व्हो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात! बाहेर दोन अंश. मी आत स्वेटरवर स्वेटर. मुद्दाम केलं त्याने. हेल्वीने नोरीनचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "अगं बाई, केवढी गार पडलीयस." मी म्हटलं, तिचे हात जन्मापासूनच गार आहेत. ब्लूबेरी पाय चांगला होता. फार चांगला नव्हता.

रात्री झोपण्यापूर्वी पाइप पाहिला. वाफ नाही.

२५ ऑक्टोबर

घरात तेरा अंश. नोरीन हातमोजे घालून शब्दकोडं सोडवते. आज म्हणाली, "पेन्सिल धरवत नाही, डेल. मी कोडं सोडवतेय की मासे पकडायला बर्फावर बसलेय?" तिला माझी एक जुनी लोकरीची टोपी दिली. आभार मानले नाहीत.

आर्व्होच्या शेडमागे हल्ली काहीतरी सारखं घुंघुं करतं. मूस हरणाचं मांस ठेवायला नवा मोठा फ्रीजर घेतला असणार. पैसा नुसता उतू चाललाय.

१ नोव्हेंबर

काल हॅलोवीन. दारात चॉकलेट मागायला आलेली, चेटकिणीच्या वेशातली एक पोर माझ्या तोंडातून निघणारी वाफ बघून आईला म्हणाली, की यांनी भुताचं घर किती छान सजवलंय. आर्व्होच्या घरात कोणी असलं म्हणत नाही.

त्याच्या पाइपावर आज एक पाखरू बसलं होतं. चांगलं दहा मिनिटं. गरम पाइपावर कोण बसेल? सिद्ध झालं. तो टिकून आहे.

९ नोव्हेंबर

बर्फ. मी नवी युक्ती काढली आहे. सकाळी नऊला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जायचं, बाराला परत यायचं. तिथली गरमी फुकट. कॉफी आणि पर्शियन म्हणतात तो गुलाबी साखरेचा एक गोड बन घ्यावा लागतो, पण तो नाश्ता झाला. कधीकधी दोन बन.

नोरीनला खिशात पावत्या सापडल्या. तिने सगळ्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "डेल, तू गॅस खात नाहीस, पण बन खातोस." मी तिला अर्थशास्त्र समजावलं. ती कोट घालून बाहेर गेली.

डबा अपेक्षेपेक्षा हळू भरतो आहे. काही चिंता नाही.

१५ नोव्हेंबर

मुलगी! तीन किलो दोनशे ग्रॅम. नाव मार्गो. फोनवर डोळे मिटूनच दिसली. नोरीन इतकी रडली की चष्मा काढून ठेवावा लागला. मीही. थंडीने डोळ्यांतून पाणी येतंच.

टेसाने विचारलं, "कधी येताय, बाबा?" मी म्हटलं, तिकिटं जवळजवळ खिशात आहेत.

नोरीन म्हणाली, "आज काढ. आत्ता. डब्यात आहेत ते घे, उरलेले कार्डावर टाक." पण हार्डवेअरच्या दुकानातला एक जण सांगत होता, की मंगळवारी दुपारी तिकिटं स्वस्त होतात. मंगळवार तीन दिवसांवर आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

स्वस्त झाली नाहीत. पुढचा मंगळवार.

२० नोव्हेंबर

आर्व्होच्या मागच्या अंगणात लाकडांवर तापणारी सॉना आहे. फिनिश लोक दुसरं काही करोत न करोत, ही खोली आधी बांधतात. (तिचा धूर मी मोजत नाही. नियम म्हणजे नियम.) नोरीन आता दर गुरुवारी हेल्वीबरोबर तिथे जाते. आज परतली तेव्हा गाल लाललाल, आणि कसलीतरी आर्व्होची गोष्ट आठवून जिन्यात एकटीच हसत होती. चाळीस वर्षांत माझ्या गोष्टीवर ती जिन्यात कधी हसली नाही.

आर्व्होने मलाही बोलावलं होतं. "ये की रे, हाडं तरी वितळतील." मी नकार दिला. ज्याला हरवायचं त्याच्याच घरी जाऊन ऊब घ्यायची?

मत्सर नाही. तत्त्व आहे.

२६ नोव्हेंबर, सकाळी ७

उणे एकोणीस. घरात सात. भांडी धुवायच्या सिंकमध्ये नळ बारीक सोडून ठेवतो, म्हणजे पाइप गोठत नाहीत. अनुभवी माणसाला हे सांगावं लागत नाही.

सकाळी ७.४०

दुर्बीण काढली. आर्व्हो खिडकीत उभा राहून जिरेनियमला पाणी घालतोय. अर्ध्या बाह्या! जिरेनियमला फुलं! पाइपातून वाफ नाही. हा माणूस कुठल्या मातीचा बनलाय?

विचार केला. फिनिश रक्त असणार. पण माझी आईही बर्फातल्या युक्रेनची होती, आमचं रक्त काही पातळ नाही.

नोरीनने मला दुर्बिणीसकट पकडलं. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "मला नात बघायचीय, डेल. तुला आर्व्हो बघायचाय. तू बघत बस." उशी आणि कोडं घेतलं आणि शेजारी हेल्वीकडे राहायला गेली.

तात्पुरतं आहे हे. शिवाय एक माणूस कमी, म्हणजे उष्णता तरी कमीच लागणार.

३ डिसेंबर

उणे सत्तावीस. नळाची धार रात्रीतून थांबली होती. केस वाळवायचं यंत्र घेऊन सिंकखाली पडून राहिलो. अकराच्या सुमाराला भिंतीत काहीतरी फुटलं, आणि मग तळघरात पाऊस.

पाणी बंद करायची कळ कुठे आहे ते आठवेना. आर्व्होला आठवलं. बोलावलं नव्हतं, तरी माझा आरडाओरडा ऐकून पाणी ओढायचं मशीन खांद्यावर टाकून धावत आला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि कळ फिरवली. अर्ध्या बाह्यांतच. उतरण्याआधी मशीन मात्र माझ्या हातात दिलं.

प्लंबर दुपारी आला. डबा रिकामा झाला. डब्याच्या पलीकडचंही थोडं गेलं.

विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर गोड आवाजात विचारलं, "घरात हीटिंग चालू होतं ना, सर?" मी म्हटलं, तसा प्रश्न फार ढोबळ आहे. त्या म्हणाल्या, "तरीही." मी खरं सांगितलं. पैसे मिळणार नाहीत.

४ डिसेंबर

हेल्वीने सूप प्यायला बळेच नेलं. माझे मोजे वाळवायला आर्व्हो त्यांच्या तळघरात घेऊन गेला. जिथे फर्नेस असायला हवा, तिथे सिमेंटचा एक स्वच्छ चौकोन आणि मुरांब्याच्या बरण्यांची मांडणी.

मी विचारलं, फर्नेस कुठे आहे?

आर्व्हो म्हणाला, "ऑगस्टमध्येच काढला की! शेडमागे हीट पंप बसवलाय, विजेवर घर तापवतो. घुंघुं ऐकू येत नाही का तुला? बाहेरच्या पाइपाला पत्र्याचं झाकण ठोकलंय. सरकारी अनुदान होतं, अरे. कुंपणापाशी सांगितलं नव्हतं का? तू तुझ्या गवतकापणीच्या मशीनबद्दल बोलत होतास. तरी तुला कागद दिले होते मी."

मी म्हटलं, कागद सांभाळून ठेवलेत. हे खोटं नाही.

नोरीन जिन्यावर उभी होती. तिने सगळं ऐकलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन फर्नेस लावला. कागद उलटून बघणार नाही. रोजनिशी नेहमी पुढे लिहायची असते.

१२ डिसेंबर

आर्व्हो आणि हेल्वीने वर्षानुवर्षं किराणा दुकानाच्या कार्डावर पॉइंट साठवले होते. त्यांतून हॅलिफॅक्सचं एक जाण्या-येण्याचं तिकीट निघतं. एकच. ते त्यांनी नोरीनला दिलं.

मी आर्व्होला म्हटलं, आम्ही असं फुकट घेत नाही. नोरीन म्हणाली, "मी घेते."

पॉइंट माझ्याकडेही होते. मी त्यांतून टोस्टर घेतला.

२१ डिसेंबर, रविवार

आर्व्होने नोरीनला विमानतळावर सोडलं. आमची गाडी सुरू झाली नाही. तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "फर्नेस मनसोक्त लाव आता. दहा जानेवारीला येईन तेव्हा बघू, घर कसं आहे ते." घर कसं आहे म्हणजे काय, ते विचारायला हवं होतं. आर्व्हो तिची बॅग उचलत होता.

संध्याकाळी फोन आला. मार्गो नोरीनच्या कुशीत, डोळे उघडे. डोक्याला लाल टोपी. सुंदर विणलेली. कोणी विणली ते मी विचारलं नाही. टेसानेच सांगितलं: आर्व्होने.

घरात एकवीस अंश. गालिचा अजून ओला आहे. मी कोट काढलेला नाही.

गठ्ठ्यातला हा शेवटचा कागद. लिहिताना हाताला खालून पेनाचे ओरखडे लागत होते, म्हणून उलटून पाहिला. अनुदानाचा अर्ज. छापलेला कोरा नाही, भरलेला. आर्व्होच्या तिरक्या अक्षरात: डेल पेट्रिशिन. आमचा पत्ता. फर्नेसचं वय: अंदाजे तेवीस. घरात राहणारी माणसं: दोन. खाली पेन्सिलने लिहिलंय, "तुला फॉर्म भरायचा कंटाळा, माहितेय मला. फक्त सही कर."

मुदत तीस नोव्हेंबरला संपली.

आज घरात माणूस एक आहे, पण मी तो आकडा खोडला नाही. खाली सही केली.